आजीने पाठवलेला रंग

औरंगाबाद, ३० मार्च १९९८

ती. स्व. आत्याबाईंस शिवांजलीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुमची नात अपेक्षा पाडव्याची साखरगाठी गळ्यातून काढायला तयार नाही, मुंग्यांची चैन चालली आहे.

पुढचं भीतभीतच लिहिते. मी शिकवते आणि अपेक्षा जाते त्या मिशनच्या बालवाडीत ईस्टरला मुलांकडून अंडी रंगवून घ्यायची आहेत, तीही स्वयंपाकघरातल्या रंगांनी. काम माझ्यावर आलंय. अंडी आदल्या दिवशी घरी उकडावी लागतील. आपल्या घरात कधी अंडं आलं नाही. उन्हाळ्यात तुम्ही आलात आणि माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीत, तर मला ही नोकरीच नको. काय करू?

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली सून,
शिवांजली

चौसाळा, ३ एप्रिल

चि. सौ. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. तुझ्या मामंजींचं म्हणणं, लेकरं नुसती रंगवणार हायेत, आपण कशापायी जीव जाळायचा? मला ते पटलं नाही. पण नोकरी सोडू नकोस.

अंडं घरात आणायचं नाही, रंग घरात कर. हळद उकळून गाळून घे. कांद्याच्या टरफलाचा रंग लई पक्का, आपल्या दुकानातली टरफलं यष्टीनं पाठवते. रंगात लिंबू पिळ, म्हणजे धरेल. बाटल्या भरून शाळेत ने. त्यात कुणी काय बुडवावं ते त्यांचं त्यांनी बघावं.

अपेक्षाचा पापा घे.

नीलाबाई

औरंगाबाद, १३ एप्रिल

ती. स्व. आत्याबाईंस सा. न.

अंडी मोठ्या बाईंनी उकडून आणली, आणि तुमच्या रंगांनी शाळा गाजवली. कांद्याची अंडी विटकरी, हळदीची पिवळीधमक! हे अपेक्षाच्या आजीचे रंग, असं मोठ्या बाईंनी सगळ्या मुलांना सांगितलं.

तेच नडलं. माझी पाठ वळली तेवढ्यात अपेक्षानं पिवळं अंडं सोलून खाल्लं. विचारलं तर म्हणाली, आजीनं पाठवलंय, म्हणजे खाऊच असणार. चौसाळ्याहून येणारा तुमचा डबाही ती असाच उघडते. मी तिला खूप ओरडले, मग दोघीही रडलो. पोर बाटली, असं वाटत राहिलं.

लपवता आलं असतं, पण मग तुमच्यासमोर घास उतरला नसता. आता येणार की नाही, एवढंच कळवा.

शिवांजली

चौसाळा, २२ एप्रिल

चि. सौ. शिवांजलीस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. राग तुझ्यावर होता, स्वतःवर जास्त, रंग तर मीच पाठवले. लेकरानं काय खाल्लं ते मनातून जाईना, आणि ती काय म्हणाली तेही जाईना. एवढा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नाही, तुझ्या मामंजींनीसुद्धा.

तिला पुन्हा ओरडू नकोस. आपण अंडं का खात नाही ते मीच तिला समजावीन. पण आजीच्या नावानं खाल्लेल्या घासानं लेकरू बाटत नसतं.

अक्षयतृतीयेला येते. माझं ताट वेगळं वाढू नकोस, तिच्या ताटाला लागून मांड.

तुझी,
नीलाबाई