दोन स्पीकरांच्या मधली जागा

मु. पो. कन्हेरी, ता. बारामती

डेअरीच्या दुसऱ्या पाळीतले माझे जुने सोबती आणि सध्या इंदापुरात लोकांची बंद घड्याळं चालू करणारे श्री. रसूलभाई यांस कुंडलिकचा रामराम आणि सलाम, दोन्ही. पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधे मधे बोलतोस, आणि ही हकीकत मधे बोलण्यासारखी नाही. तुझी कंबर कशी आहे? शगुफ्ता वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. त्यांना म्हणावं, पहिले काही दिवस रसूलकडं बघू नका, डोळ्यांवर ताण येईल.

तर तुला ठाऊक आहे, रिटायर झाल्यावर मी होम थिएटर घेतलं. (तू बघायला आला नाहीस याचा राग मी केव्हाच सोडला आहे.) सात स्पीकर आणि त्या सगळ्यांना हाकणारा एक थोरला डबा, त्याला रिसीव्हर म्हणतात. डब्याच्या पाठीला इतकी भोकं की पहिला दिवस मी नुसता बघत बसलो. खोली मोजायला त्याच्याबरोबर एक बारका माइक येतो. तो मधोमध ठेवायचा आणि घरातल्यांनी पाच मिनिटं गप्प बसायचं. सगळे बसले, म्हैस बसली नाही. ती नेमकी तेव्हाच ओरडली. आमच्या बारा बाय चौदाच्या खोलीबद्दल डब्यानं काय समजूत करून घेतली कोण जाणे, पण तेव्हापासून पिक्चरमधली माणसं कुजबुजायला लागली आणि नुसता दरवाजा आपटला तरी आमची भांडी फडताळात वाजायला लागली. तुझी वहिनी म्हाळसा रिमोट घेऊनच बसायची. बोलणं आलं की आवाज वाढव, मारामारी आली की कमी कर. एका पिक्चरला तिचा अंगठा सुजला. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सातही स्पीकर बोट दाखवून मोजून द्यायचो.

आबांची बाज मागच्या स्पीकरखाली होती. (तू माझ्या वडिलांना पाहिलंयस. वय ब्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं मेंढरांमागं.) एका दुपारी पिक्चरमध्ये लांडगे आले आणि तेही मागून. ज्याचा जन्म मेंढरं राखण्यात गेला त्याला पाठीमागं लांडगा ऐकू आल्यावर तो काय करणार? आबा काठी घेऊन गर्रकन वळले आणि पडले. मनगट मुरगळलं, ते पंधरा दिवसांत बरं झालं. पण आम्ही हसलो होतो, आणि सगळ्यात आधी मी हसलो होतो. त्याच संध्याकाळी आबांनी बाज गोठ्यात नेली. "तुमच्या खोलीत कोन कुटनं बोलतंय त्येच कळत न्हाय," एवढंच म्हणाले. आठ महिने ते घरात आले नाहीत. म्हाळसा ताट तिकडं नेऊन द्यायची. मी गेलो तर माझ्याशी व्हय आणि न्हाय, तिसरा शब्द नाही. मी मनात म्हणायचो, येतील. खरं म्हणजे जाऊन माफी मागावी हे मला कळत होतं, पण जीभ उचलत नव्हती.

मग गेल्या महिन्यात डब्याच्या त्या भोकांतून आत एक पाल शिरली. ती गेली, आणि जाताना डब्यालाही घेऊन गेली. मी लगेच दुसरा डबा, आता नऊ स्पीकरांचा, बघायला लागलो. पण आमची वैष्णवी (पुण्याला नोकरीला असते, आणि बापाला सांगायचं ते नोकरीवरच्या माणसासारखं सांगते) म्हणाली, पप्पा, तुम्ही महिन्यातून दोन पिक्चर बघता आणि रोज गाणी ऐकता, मग साधा स्टिरिओ अँप्लिफायर घ्या. गाणी तो स्वतःच नेटवरून ओढतो, टीव्हीला एक वायर जोडली की बातम्याही त्याच्यातून. भिंतीवरच्या सातांपैकी पुढचे दोन स्पीकर ठेवा, बास. रसूल, सातावरून दोनावर येणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही. दोन दिवस मी पोरीशी धड बोललो नाही. तीस वर्षं मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला पोरगी आवाज शिकवणार.

रविवारी ती ते घेऊनच आली. पोळ्यांच्या डब्याएवढं यंत्र, पुढं एकच गोल बटण. जोडणी मी कुणालाही हात न लावू देता केली. चालू केलं तर बाईचा आवाज खोलीभर पातळ पसरलेला, ती कुठं उभी आहे पत्ता नाही. मी म्हणालो, बघा, दोनात हेच होणार. म्हाळसा उठली, बॅटरी घेऊन मागं वाकली. "एका स्पीकरला तांबड्याच्या जागी काळी वायर घातलीया तुमी," म्हणाली. (विहिरीवरची मोटर उलटी फिरायला लागली की वायरी तीच बदलते.) तिनं वायर बदलली. बाई मधोमध येऊन उभी राहिली. स्पीकर डावीकडं आणि उजवीकडं, मधे बंद टीव्ही आणि भिंत, आणि त्या मोकळ्या जागेतून ती गात होती. श्वास घेतलेला ऐकू येत होता. मी उठून टीव्हीवर हात ठेवून आलो. हसू नकोस, म्हाळसापण ठेवून आली.

मग वैष्णवीनं नेटवर काहीतरी शोधलं आणि एक धनगरी ओवी लावली. पुण्याच्या कुणा अभ्यासकानं पन्नास वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या जत्रांतून टेप केलेली. ढोल सुरू झाला आणि खोलीत माणसं येऊन बसली, रसूल. दुसरा शब्द मला सापडत नाही. एक डावीकडं, ढोल उजवीकडं, मधे सांगणारा, मागं जत्रेची गर्दी. म्हाळसानं नकळत पदर सारखा केला.

दारात काठी वाजली. आबा उंबऱ्यावर उभे होते. बराच वेळ आत आले नाहीत, डोळे मिटून ऐकत होते. मग काठीनं डावीकडं दाखवलं. "ह्यो धुळा. त्याला खोकला हुता तवा." उजवीकडं दाखवलं. "ढोल बिरूचा. दोगं बी गेलं." मधला आवाज कडक होता, तरुण होता, ओवी अशी उचलत होता की माझा हात मांडीवर ताल धरायला लागला. मी विचारलं, आबा, हा मधला गडी कोण?

आबांनी डोळे उघडले. आठ महिन्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"बापाचा आवाज वळखंना व्हय रं?"

मी उठलो, त्यांचे पाय धरले, आणि लांडग्याच्या दिवसापासूनचं जे बोलायचं होतं ते तिथंच बोललो. त्यांनी माझं ऐकलं की नाही कोण जाणे, कारण कान सगळा तिकडं होता. डोक्यावर हात मात्र ठेवला. मग मधल्या खुर्चीत बसून स्वतःचीच ओवी शेवटपर्यंत ऐकली, आणि एका जागी म्हणाले, हितं चुकलो हुतो.

असो. वहिनींना नमस्कार, सोहेलला आशीर्वाद.

तुझा,
कुंडलिक

ता. क. भिंतीवरचे बाकीचे पाच स्पीकर मी काढलेले नाहीत. वायरी काढल्यात, पण बाहेरच्याला ते दिसत नाही. परवा रावजी सरपंच ऐकून गेले आणि म्हणाले, सात स्पीकरांची गोष्टच वेगळी. मी हो म्हणालो. तूही म्हण.

ता. क. दुसरा. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं. त्या टेपच्या शेवटी, ओवी संपल्यावर, मागून एक माणूस हसतो आणि म्हणतो, "बास करा रं आता, च्या गार झाला." आबा म्हणतात, जत्रेत चहाचं दुकान तुझ्या पैगंबरवासी अब्बांचं होतं आणि हा आवाज त्यांचाच. मी तीनदा ऐकला. तू हसतोस तसंच हसतात. मेहबूबबी अम्मीला काही न सांगता घेऊन ये. मधली खुर्ची तिच्यासाठी ठेवली आहे.