चौदा नंबरची हिरवळ

सोमवार, ६ एप्रिल

आजपासून पाण्याचे नियम लागू! सम क्रमांकाच्या घरांनी हिरवळीला सोमवारी आणि गुरुवारी पाणी द्यायचं, विषम क्रमांकांनी मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी सातच्या आत, अर्धा तास, पाइप हातात धरून. फवारे बंद. आणि पाणी फक्त स्वतःच्या हिरवळीला. आमचं घर चौदा, म्हणजे आज माझा वार. पत्रक प्लॅस्टिकमध्ये घालून नळाशेजारी लटकवलं. बायको म्हणाली, "नळाला वाचता येतं का?"

परीक्षा विभागात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची नियमांवरून थट्टा करू नये. पण ती करते.

मंगळवार, ७ एप्रिल

आज विषमांचा वार. शेजारच्या तेरा नंबरात दादा. माझा सख्खा थोरला भाऊ. चार वर्षं बोलणं नाही! वाटणीत कुंपण हातभर त्याच्याकडे सरकलं असं माझं म्हणणं, आणि माझ्याकडे सरकलं असं त्याचं. त्याआधी दोन्हीकडची हिरवळ एकच होती. आईने लावलेली.

आई माझ्याकडे असते. जानेवारीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिचा पलंग हिरवळीकडच्या खिडकीशी. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय – आजी झोपूनच राहिल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत. काहीही करा, पण सकाळी त्यांना बसतं करा. आई बसते ती फक्त हिरवळ बघायला. तेव्हा हिरवळ वाळता कामा नये. एवढंच काम माझ्याकडे आहे, आणि ते मी करणार.

दादा आमचा उंबरा चढत नाही. वहिनी दुपारी येऊन आईजवळ बसते आणि माझी यायची वेळ झाली की जाते.

बुधवार, १५ एप्रिल

हिरवळ झकास! सगळ्या गल्लीत गवत पिवळं पडलंय, फक्त आमचं हिरवंगार. माझी पद्धत अशी – गवत बोटभर उंच ठेवायचं, म्हणजे माती तापत नाही. पाणी कमी, अक्कल जास्त. फिरताना दातांच्या डॉक्टरांनी गुपित विचारलं. मैदानाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत समजावून सांगितलं. तिसऱ्या फेरीत ते उलट्या दिशेने चालायला लागले.

शुक्रवार, १७ एप्रिल

माझा वार नसला की मी सहा ते सात फिरायला जातो. आज परत आलो तर गवत ओलं. दव! बायको म्हणाली, "एवढ्या उन्हाळ्यात?" तिला म्हटलं, गवत उंच ठेवलं की असं होतं. ती हसली. तिला यातलं काही कळत नाही.

दादाच्या अंगणात मात्र दव नाही. दवालाही माणसं कळतात.

आई छान उठून बसली होती. म्हणाली, "दादा येऊन गेला." गोळ्यांनी गुंगी येते तिला. मी हो हो म्हटलं.

मंगळवार, २१ एप्रिल

सहाला निघालो तेव्हा दादाचा नळ सुरू होता, पावणेसातला परतलो तेव्हाही सुरूच. त्याने बहुधा माझी चाहूल लागताच बंद केला. अर्ध्या तासाचा नियम! आणि त्याचं गवत तर जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं. मग पाणी जातं कुठे? गाडी धूत असणार. गाडीवर धूळ आहे हे खरं. पण तो पहिल्यापासून हुशार. मुद्दाम ठेवली असेल.

बुधवार, २२ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत पाणीखात्याकडे तक्रार केली. नाव गुप्त ठेवतात. उत्तरासाठी पत्ता ऑफिसचा दिला. घरी बोललो नाही.

नियम तो नियम, भाऊ असला म्हणून काय, असं मनाशी म्हटलं.

शुक्रवार, २४ एप्रिल

फिरून येतो तर तेरा नंबरच्या फाटकात पाणीखात्याचा माणूस, हातात वही. दादा मान खाली घालून उभा, पायजमा घोट्यापर्यंत भिजलेला. बाहेरच्या नळाला महिनाभरासाठी सील ठोकलं. दादाने वाद न घालता वहीत सही केली. हातभर कुंपणासाठी वकील गाठणारा माणूस!

मला आनंद व्हायला हवा होता. अर्धा कप चहा होईपर्यंत झालाही. मग बायको म्हणाली, "कुणा मेल्याने तक्रार केली असेल?" उरलेला चहा मी झाडाला घातला.

संध्याकाळीही ती पुन्हा पुन्हा तेराच्या नळाकडे बघत होती. तिला दादाचा एवढा पुळका कधीपासून?

गुरुवार, ३० एप्रिल

गवत कडेने पिवळं पडतंय. सोमवारी अर्धा तास पाणी दिलं, आजही दिलं. घड्याळ लावून! दवही पडेनासं झालंय. डॉक्टर कुंपणापाशी थांबून गवताकडे बघून गेले. जाताना फक्त दात दाखवले.

शुक्रवार, १ मे

आई आज उठली नाही. मंगळवारीही नव्हती उठली, पण तेव्हा वाटलं थकली असेल. आज पाठीशी उशा लावल्या तर म्हणाली, "दादा का येत नाही रे हल्ली?" मी म्हटलं, आई, दादा चार वर्षांत आलेला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं – लहानपणी खोटं बोलल्यावर पाहायची तसं. मग भिंतीकडे तोंड केलं.

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असं आणखी दोन आठवडे चाललं तर अवघड आहे. मला भीती वाटली. खूप वाटली.

रविवार, ३ मे

आजही नाही उठली. मधोमध पिवळा पट्टा पडलाय.

बुधवार, ६ मे

ऑफिसात पाणीखात्याचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"आपल्या तक्रारीनुसार तपासणी केली. घर क्रमांक तेराचे मालक आपल्या वारी स्वतःच्या हिरवळीस पाणी न देता कुंपणावरून पाइप धरून शेजारील घर क्रमांक चौदाच्या हिरवळीस देत असल्याचे आढळले. नियमभंगाबद्दल नळास सील केले आहे. त्यांनी चूक मान्य केली. कारण विचारले असता, 'त्या खिडकीत माझी आई असते' एवढेच सांगितले. तक्रार निकाली."

चौदाचा आकडा तीनदा तपासला. बावीस वर्षांची सवय. चौदाच आहे.

घरी येऊन बायकोला कागद दाखवला. तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं! "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही बंद पाडलं असतं," म्हणाली. मग पाकिटावर माझं नाव आणि ऑफिसचा पत्ता पाहिला आणि पाकीट माझ्या हातात परत ठेवलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

उद्या गुरुवार, माझा वार. आत्ता दादाकडे निघालोय. तक्रार मीच केली हे आधी सांगेन. त्याने दारात उभं केलं तर पुढचं – उद्या सहाला ये, माझ्या नळाचा पाइप तू धर. नळाशेजारचं पत्रक पुन्हा वाचून पाहिलं. पाइप हातात धरावा, एवढंच आहे. कुणाच्या हातात ते लिहिलेलं नाही.