बाबा कुणाची छाया नव्हते

रवि., ९ फेब्रु.
धाकटा भाऊ दिलीप किरनापूरहून आला आणि जाडजूड बायबल टेबलावर ठेवून गेला. वर्षभर चर्चला जातोय, आता ताईला सुधारायचंय. म्हणे तू शाळेत इतिहास शिकवतेस, जुना करार आवडेल.
आवडला, हीच पंचाईत. देवाने बळी मागितला म्हणून अब्राहाम पोराला, इसहाकाला, डोंगरावर नेतो. लाकडं पोराच्याच पाठीवर. वर त्याला बांधतो, सुरी उचलतो. ऐनवेळी मेंढा सापडतो, पोरगा वाचतो. पण नंतर बापलेक एकमेकांशी काय बोलले असतील? मी तिथेच अडकून बसले.

बुध., १२ फेब्रु.
फोनवर दि.ला तेच विचारलं. उत्तर तयार. तो इसहाक म्हणजे येशूची छाया, पुढे येणाऱ्याची आधीच पडलेली सावली; लाकडं म्हणजे क्रूस. गुलामीतून सुटताना यहुद्यांनी ओलांडलेला तांबडा समुद्र? बाप्तिस्म्याची छाया. त्या सुटकेच्या रात्री कापलेलं वल्हांडणाचं कोकरू? तोही येशूच. म्हटलं, पुस्तक ज्या यहुद्यांचं, त्यांना हे ठाऊक नव्हतं? म्हणे त्यांच्या डोळ्यांवर पडदा आहे.
वा रे वा. आयत्या बिळावर नागोबा, वर बीळ खणणाऱ्यालाच आंधळा म्हणायचं. आपल्या बुद्धाला नववा अवतार करून टाकला तो डाव हाच. बाबा हे नुसतं ऐकलं तरी ताटावरून उठायचे. दि. तेव्हा शेजारीच जेवत असायचा. फोन आपटला.

रवि., २ मार्च
बाबांना जाऊन वर्ष झालं. वंदना, भंतेजींचं प्रवचन, मग आदरांजली. तिरोडीच्या खाणीतले बाबांचे सोबती आले होते. दि.ने माईक घेतला. सुरुवात बरी होती. बाबा लहानपणी आज्याच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेले, ते सांगितलं. माय डोळे पुसत होती. मग म्हणतो, "बाबांनी तांबडा समुद्र ओलांडला. पन ती फक्त छाया होती. खरी मुक्ती मले आता भेटली."
विहिरीवर खाल्लेला मार, ती दीक्षा, खाणीत झिजलेली छाती. माझ्या बापाचं अख्खं आयुष्य याच्या गोष्टीची प्रस्तावना! मी उठले, माईकची वायर ओढली, वाढायला घ्या म्हणाले. दि. न जेवता गेला. जाऊ दे. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

सोम., ३ मार्च
माय दि.च्या काळजीत. संध्याकाळी मी म्हटलं, नको काळजी करू, वर्षा-दोन वर्षांत उतरेल त्याचं खूळ, येईल परत. रोजच म्हणते मी हे. तर म्हणाली, "दिलीपनं बाबाचं केलं, तू बी त्याचं तेच करून राह्यली. पोरगं आज जे हाय ते तुले दिसतच नाही. तुह्यासाठी तो फक्त उद्या वापस येनारा हाय."
दोन्ही सारखं नाही, म्हटलं.
"हौ, असन."
असन म्हणणाऱ्याशी भांडणार कसं? फार राग आला. शाळेचे पेपर तपासायला घेतले, दोघा-तिघांना उगीच कमी मार्क दिले. उद्या पुन्हा बघावे लागतील.

गुरु., १३ मार्च
दि.चा मेसेज. येत्या रविवारी वैनगंगेत डुबकी देऊन बाप्तिस्मा. पुढे: बाबांबद्दल बोललो ते वापस घेत नाही, तरी ये.
मीही वायर ओढली ते वापस घेत नाही. बायबल अजून टेबलावरच आहे. परत द्यायचंय, पण इसहाकाचं पुढे काय झालं ते वाचायचं राहिलंय.
माय जाणार. पांढरं लुगडं इस्त्री करून ठेवलंय. स्कूटीवर घाटापर्यंत सोडशील का, विचारते. म्हटलं, तिथे त्यांच्या पास्टरने पुन्हा बाबांना छाया केलं तर?
"तं मी सांगीन त्याले, तो माहा नवरा होता."
सोडीन म्हटलं नाही अजून. नुसतं सोडून परत येता येणार नाही, थांबावं लागेल. लहानपणी डुबकी मारून वर आला की दि. आधी मलाच शोधायचा. रविवारी शोधलं तर मी कुठल्या तोंडाने समोर उभी राहू? आणि मी तिथे नसलेच तर?