तुझ्या नावाची हजेरी

मुरुम, सोमवार

प्रिय शिवकन्या,

खिशात फोन असताना मामा पत्र लिहीत बसलाय म्हणून हसशील. हस बापडी. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही.

तुझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तेव्हा तू रडत विचारलंस, मामा, माझं काय चुकलं? काहीच नाही. दाखले खरे, अर्जही नीट. पण सरकारी नोंदीत तू गेल्या वर्षापासून दुसऱ्याच कॉलेजात शिकते आहेस, आणि एका आधार क्रमांकावर दोन ठिकाणी शिकता येत नाही. ती नोंद निघाली नाही तर शिष्यवृत्ती गेली, आणि तिच्यामागं तुझं नर्सिंगही.

शनिवारी खोट्या प्रवेशांची चौकशी करणाऱ्या समितीची जीप तुमच्या दारात आली होती. अक्कानं, तुझ्या आईनं, त्यांना चहा पाजला आणि कौतुकानं सांगितलं, "माझा भाऊ कालेजात क्लार्क हाय. पोरीचे समदे कागद त्योच बघतो." त्यांनी ते लिहून घेतलं.

तुमच्या घरी मोबाईल नव्हता, म्हणून तुझ्या आधारला माझा नंबर जोडला होता. आपल्याकडं घरोघरी हेच; शिकलेल्या एकाचा नंबर सगळ्यांना. नात्यातली सात पोरं माझ्या नंबरवर आहेत. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात पट भरेना, कोर्स बंद पडायची वेळ आली. संस्थेचे साहेब म्हणाले, घरी बसलेल्या पोरांची नावं घाला. बारावी होऊन तू घरीच होतीस. ओटीपी माझ्याच फोनवर आला, आणि मीच तो भरला. वाटलं, नुसत्या नावानं कुणाचं काय जातंय! लई लाज वाटते, पोरी.

आता साहेबांचा माणूस रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. पाणी मागतो, तुझ्या वसतिगृहाचा पत्ता विचारतो. मी दिला नाही, पण त्याला तो मिळेलच. गेल्या वर्षीचा हजेरीपट घेऊन येईल, गोड बोलेल, एवढी सही कर म्हणेल. करू नकोस. केलीस की माझं खोटं तुझं होईल.

गुरुवारी धाराशिवला समितीपुढं सगळं सांगायचं मी ठरवलंय. तूही ये, आणि त्यांच्या कचेरीच्या दारातच थांब. अकरापर्यंत मी आलो नाही, तर वाट बघू नकोस, शोधायलाही निघू नकोस. सरळ आत जा आणि हे पत्र त्यांच्या हातात दे. अक्का आडवी येईल, भावाला वाचव म्हणेल. तिचं ऐकू नकोस. त्यासाठीच हे लिहिलंय, आणि म्हणूनच खाली पूर्ण नाव घालतोय.

तुझाच मामा,
वीरप्पा शरणबसप्पा बिराजदार
लिपिक, शिष्यवृत्ती विभाग