दादांचा आवाज बंद आहे

४ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

तुम्ही बेटावरच्या हवामान केंद्रात सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक, असं लिहायची हाताला सवय आहे, पण आज लिहवत नाही. तुम्ही तुमच्या दादांसाठी जुळवून दिलेला कॉम्प्युटर परवापासून सुरू होत नाही.

चूक माझी. दिवसभर भिंतीकडे बघून त्यांचा जीव उबगला असेल, म्हणून पलंग आणि टेबल खिडकीशी नेलं. त्यासाठी सगळ्या वायरी काढल्या. डबा उचलताना दाराच्या चौकटीवर आपटला, फार नाही. पुन्हा जोडला तर पंखा फिरतो, आतून लांब शिट्ट्या येतात आणि पडदा काळाच. दहादा केलं. तेच.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांचं एक बोट तेवढं चालतं आणि त्या बोटाखालच्या बटणाने तो डबा त्यांचा आवाज होतो. आता मी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली आहेत. मी बोट फिरवते, हवं त्या अक्षराला ते डोळे मिटतात. काना, मात्रा, वेलांटी धरून ‘पाणी’ म्हणायला दोन मिनिटं. काल मी ‘णि’ ऱ्हस्व घेतला, तर दीर्घ करेपर्यंत पुढे जाऊ देईनात. जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला माणूस, तहान लागली म्हणून काय शुद्धलेखन सोडेल? मी हसले. ते हसले की नाही, आता कळत नाही.

तुमच्याकडे फोन नाही, टपालाची बोटही आठ दिवसांनी. काय करू ते सविस्तर कळवा. जीव टांगणीला लागला आहे.

तुमची,
वहिनी

११ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र धक्क्यावरच फोडलं. बोट परत निघायला तासभर आहे, म्हणून इथेच पेटीवर बसून लिहितो. अक्षराला हसू नये.

लांब शिट्ट्या म्हणजे मेमरीची पट्टी जागेवरून हलली आहे. घाबरू नका. तुम्ही शिवणाचं मशीन खोलून तेल घालता, त्याहून हे सोपं. वायर काढा, डाव्या बाजूचे दोन स्क्रू काढा, पत्रा मागे सरकवा. पंख्याशेजारी वीतभर लांबीची हिरवी पट्टी उभी दिसेल. दोन टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की ती वर येते. तिची सोनेरी कड साध्या खोडरबराने पुसा, फुंकर घालू नका, आणि ‘कट’ आवाज येईपर्यंत परत दाबा. हातातल्या बांगड्या आधी काढून ठेवा.

दादाला सांगा, धाकट्याने कारागिरी थोडी ढिली ठेवली होती, त्याबद्दल कान धरले आहेत. इथे वारा मोजतो, ढग मोजतो, जेवतो, झोपतो. बाकी काही नाही.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

१८ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

सांगितलंत तसं सगळं केलं. शिट्ट्या थांबल्या आणि पडदा उजळला. मी दादांकडे बघून टाळी वाजवली. मग पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, डिस्क सापडत नाही. तिथेच थांबलं. कोपऱ्यात तारीख पंधरा वर्षांपूर्वीची दाखवतो आहे. मी टाळी वाजवायला नको होती. त्यांनी डोळे मिटून घेतले, ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

डबा रिक्षात घालून चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, डिस्क साफ पुसून नव्याने सगळं भरून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी विचारलं, यात साठवलेली वाक्यं राहतील का? दोन वर्षं त्यांनी एकेक अक्षर दाबून ती केली आहेत. तो म्हणाला, पुसणं म्हणजे पुसणं, ताई. मी डबा छातीशी धरून परत आणला.

आता खरं सांगते. श्वास कमी पडतो आहे. डॉक्टर म्हणतात, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल आणि मग श्वास कायमचा यंत्रावर. घालायची का, हे दादांनीच महिनाअखेर सांगायचं. डॉक्टरांनी समजावलं, होय असेल तर डोळे एकदा मिटा, नाही असेल तर दोनदा. तुमचे दादा नुसते छताकडे बघत राहिले. तीनदा विचारलं. मी पुठ्ठा पुढे धरला, तर त्यांनी नजर वळवली. माझ्यावर रागावले आहेत का? जगायचं नाही म्हणून गप्प आहेत? भाऊजी, मला त्यांच्या मनातलं कळत नाही आणि घरात विचारायला दुसरं कुणी नाही.

तुम्ही इथे असायला हवे होतात. ढग कुणीही मोजेल. दुखवायला लिहीत नाही, पण हे लिहिलं नाही तर पत्र खोटं होईल.

वाट बघणारी,
वहिनी

२५ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

डबा आपटला म्हणून हे झालं नाही, हे आधी वाचा. चूक माझी आहे, पहिल्यापासून.

बोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. कॉम्प्युटर बंद असताना त्याच्या मुख्य नोंदी तीच सांभाळते. डिस्क कशी वाचायची हीसुद्धा त्यातली एक. निघण्याआधी पहिला बोर्ड बिघडला तेव्हा मी आमच्या कचेरीतला जुना बसवला होता आणि त्याची बॅटरी संपत आलेली मला दिसली होती. ती बदलायला अर्धा दिवस लागला असता. मला निघायची घाई होती. वायर भिंतीत होती तोवर निभावलं. तुम्ही ती काढलीत आणि तो सगळं विसरला. डिस्क शाबूत असणार. कुणालाही पुसू देऊ नका.

घड्याळजीकडे तशीच बॅटरी मिळेल. नखाने जुनी काढा, नवी बसवताना तिच्यावरची अक्षरं वरच्या बाजूला ठेवा. मग सुरू करताना ‘डिलीट’ची कळ दाबत राहा. निळा पडदा येईल. सोबतच्या कागदावर तो काढला आहे आणि बदलायची ओळ गोल करून दाखवली आहे. बदलून ‘एफ दहा’ दाबा.

घाई कसली होती, तेही लिहितो. बेटावरची ही जागा मी मागून घेतली. बदली झाली असं तुम्हाला खोटं सांगितलं. दादाला घास भरवताना तो खोकायला लागला की मला खोलीबाहेर जावं लागायचं. तुम्ही जात नव्हतात. मी गेलो तो इथवर आलो.

क्षमा मागायला तोंड नाही.
धाकटा

२ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

सुरू झाला. सगळी वाक्यं आहेत. पहिलंच वाक्य त्यांनी ऐकवलं, खिडकी आवडली.

मी तुमचं पत्र त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, शेवटचा भागही. लपवण्याइतकं बळ उरलं नव्हतं. डॉक्टरांकडून आणखी आठ दिवस मागून घेतले आहेत. दादा तेव्हापासून तुम्हाला काही लिहीत आहेत आणि मला बघू देत नाहीत. बोट फार हळू चालतं. मधे थांबलं की मी दारातून डोकावून त्यांचा श्वास बघते.

तुमची,
वहिनी

६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र चार दिवसांचं आहे. थोडक्यात लिहितो.

डॉक्टरांनी होय की नाही विचारलं. माझं उत्तर ‘होय, पण’ असं होतं. पापण्यांना ‘पण’ म्हणता येत नाही.

नळी घाला. पण पुढे हे बोट थांबलं, गाल, भुवई, काहीच हलेना, मला काही म्हणताच येईना, तर यंत्र काढा.

पुठ्ठ्यावर हे सांगता आलं असतं. पण त्यातलं एकेक अक्षर तिने तिच्या बोटाने वेचून घ्यायचं, हे मला नको होतं. म्हणून थांबलो. ती मला रागावलेला समजली. समजू दिलं.

काल तिला या डब्याच्या आवाजात सांगितलं. ती जाऊन शिवणाच्या मशीनपाशी बसली. मशीन चालवलं नाही. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, लिहून द्या, मी सही करते. डॉक्टरांनाही कळवलं. ते म्हणाले, घरच्या दोघांच्या सह्या लागतील.

दुसरी तुझी. तो दिवस आला तर डॉक्टर तुम्हा दोघांना विचारतील. तेव्हा ती खोलीत एकटी नको.

तू पळालास हे तू गेलास तेव्हाच कळलं होतं. मला पाय असते तर मीही पळालो असतो. राग नाही. फक्त आता परत ये.

शस्त्रक्रिया चोवीसला. त्याआधी पंधराची बोट आहे.

लोभ आहेच, तो मागत नाही.
तुझा,
दादा