घरीच पडून होतो

ता. ९ सप्टेंबर

ती. वन्संना, सा. न. वि. वि.

हे सुखरूप पोचले. आईंना बघायला रजा मिळेना, म्हणून ह्यांनी कारखान्यात ताप आल्याचं खोटंच कळवून तुमच्याकडे धूम ठोकली होती. आता गंमत बघा, खरंच ताप चढलाय. हुडहुडी भरते, दोन रजया घातल्या तरी दात वाजतात, मग घामाने अंथरूण भिजतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी विचारलं, बाहेरगावी गेला होतात का. हे म्हणाले, छे, घरीच पडून होतो. मलाही तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय. डॉक्टरांनी साध्या तापाच्या गोळ्या दिल्यात. खोटं अंगाशी आलं म्हणून मी चिडवते, तर हसतात. आईंची तब्येत कळवा, लोभ आहेच.

तुमची धाकटी

ता. १५ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं तशी लगेच लिहायला बसले. अगं, आईचं दुखणंही हेच होतं, मलेरिया. इथे तो घरोघर आहे, डॉक्टर आधी रक्त तपासतात. आई गोळ्यांनी उठून बसली, माझ्या स्वयंपाकाला नावंही ठेवते. तिकडच्या डॉक्टरांच्या मात्र ते मनातही येणार नाही. तारच करणार होते, पण तुमच्या तारा कारखान्याच्या कचेरीत वाचून मग घरी येतात. टिल्ल्याची नोकरी जायला नको. इकडे येऊन गेल्याचं तेवढं त्याने डॉक्टरांच्या कानात सांगावं. ऐकत नसेल तर तू जा, मोठ्या बहिणीचा हुकूम आहे म्हणावं. जीव टांगणीला लागलाय.

तुझी वन्सं

ता. २२ सप्टेंबर

ती. वन्संना, सा. न.

कारखान्याच्या साहेबांनी केलेली तार मिळाली असेल. तुमचं पत्र आलं तेव्हा घरात माणसं जमली होती.

ह्यांची शुद्ध हरपली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे मी सगळं सांगून टाकलं. ताप डोक्यात गेला होता. साहेब म्हणाले, आईसाठी गेला होता, आम्ही काय त्याला खाल्लं असतं? रजा ह्याच माणसाने नाकारली होती, वन्सं. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

धाकटी

ता. २९ सप्टेंबर

चि. धाकटीस आशीर्वाद.

तू इकडे निघून ये, हे घर तुझंच आहे.

आईला सांगावंच लागलं. रडली नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. संध्याकाळी मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, यापुढे मी आजारी पडले तर कुणालाही कळवू नकोस.

तुझी वन्सं