बाटलीवरची गुलाबी रेघ

नांदेड,
९ मे

तीर्थरूप सौ. अक्कास,
वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

आई मोरीच्या उंबऱ्यावर कोसळली, त्या घडीला माझं सगळं बदललं. खांद्यावरचा पाण्याचा जार तसाच टाकला आणि तिच्याकडं पळालो. जीभ चामड्यासारखी कोरडी, डोळे आत गेलेले, हाक मारली तर मलाच तुझ्या नावानं, शिवकांता म्हणू लागली. तुला लगेच कळवलं न्हाई, कारण शुद्धीवर आल्या आल्या तिनं शपथ घातली, की लेकीला असल्या उन्हात एसटीनं पळत यायला लावू नको. आता घरी आणलीय. बरी हाय. मला उशी फेकून मारण्याइतकी बरी हाय.

कारण वाच आणि माझ्यासारखीच पेट. दवाखान्यात शुगर पाचशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता. आईनं मोठ्या ऐटीत पिशवीतून बाटली काढायला लावली. बाटलीवर आडवी रेघ. एवढंच पिते, रेघेच्या पुढं एक घोट न्हाई, आमच्या व्याह्यांनी शिकवलंय, असं तिनं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

आठवतं का? पाडवा झाल्यावर आपण आरतीला बघायला गेलो होतो. (मी तिला नव्यानं काय बघणार, पण रीत म्हणून.) तेव्हा तिच्या अप्पांनी स्वतःची बाटली आईला दाखवली होती. आरतीनं गुलाबी नखपॉलिशनं रेघ ओढलेली. शुगरवाल्यानं दिवसभरात लिटरच्या आतच प्यायचं, डॉक्टरचं माप हाय, असं ते म्हणाले. आईला ते सोयीचंच पडलं, रात्री सारखं उठावं लागायचं तिला. घरी आल्याबरोबर शेजारच्या पोरीकडून नखपॉलिश मागून तिनं तसलीच रेघ ओढून घेतली. या नांदेडच्या उन्हात! मी गल्लीगल्लीत जार पोचवत फिरत होतो आणि माझी आई रेघ बघून बाटली खाली ठेवत होती.

बाईंनी समजावलं ते असं, की शुगर चढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं आणि तिच्यासोबत अंगातलं पाणीबी जातं. सारखं उठावं लागतं ते शुगरमुळं. त्यात पाणी तोडलं की माणूस आतून सुकतो. आईची किडनी चांगली, हृदय चांगलं, तर तिनं दिवसाला आठ-दहा ग्लास प्यायचं, उन्हाळ्यात अजून जास्त, तहानेची वाट न बघता थोडंथोडं. गोळ्या मात्र चुकवायच्या न्हाईत, पाणी म्हणजे औषध न्हवं.

आरतीला फोन लावला आणि तिच्या अप्पांनी काय केलं ते सुनावलं. ती म्हणाली, वैजू, ऐक तरी, अप्पांचं वेगळं... तेवढ्यात मला वाटलं ही बापाचीच बाजू घेऊन राहिली, आणि मी फोन पुलावरून गोदावरीत फेकला. म्हणून हे पत्र. आईच्या फोनवरून बोलावं तर ती शेजारी कान देऊन बसलेली असते.

मी लातूरला येणार, अक्का. अप्पांना चार माणसांत विचारणार.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको, एवढंच मागणं.

तुझा
वैजू


लातूर,
१३ मे

चि. वैजनाथ यास,
शिवकांताचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोस्टमननं तुझं पत्र दिलं तर घरातली पोरं गोळा झाली. कुणी मेलं का, असं धाकटा विचारत होता. त्याला म्हटलं, हाव, मामाचा फोन मेला. लगेच आईला फोन केला. ती म्हणे मी ठणठणीत, वैजूच जेवत न्हाई. शपथेचं मी तिला चांगलंच सुनावलं. लेक काय फक्त दिवाळीला कळवायची असते का?

आता तुझं. तू यायचं न्हाईस. बाबा, तुझा राग माझ्याच घरात वाढलेला हाय, मला ठाऊक हाय. माझ्या घरी राहून फार्मसी शिकत होतास, तेव्हा सरांनी आरतीला उशिरा आली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं आणि तू दार आपटून कॉलेजातूनच निघालास. ती दहा मिनिटांनी आत जाऊन बसली, शिकली, आज मेडिकलमधे नोकरी करते. तू अजून बाहेरच हाईस. आमच्या घरचं दार तू असं आपटायचास की भिंतीवरचं कॅलेंडर खाली यायचं. दाजी अजून म्हणतात, मेहुणा येणार असला तर कॅलेंडर आधीच काढून ठेव.

गुरुबसप्पा अप्पा तसे माणूस न्हाईत. सगळा जन्म मोंढ्यात तोलारी केली, तूर असो की सोयाबीन, त्यांच्या काट्यावर कुणी बोट ठेवलं न्हाई. तू शिक्षण अर्धं सोडलंस म्हणून त्यांच्या भाऊबंदांनी या सोयरिकीला नाकं मुरडली. अप्पाच म्हणाले, पोरगं तापट हाय खरं, पण आईला जपतं, ते माझ्या पोरीला जपंल. त्यांनी असं माप का सांगितलं, ते मी या रविवारी जाऊन शांतपणे विचारते. डॉक्टर आंधळा न्हाई, काहीतरी कारण असणार. तोवर थांब. तुझं लग्न तुझ्याच हातानं मोडू नको.

आईला माठाशेजारी ग्लास ठेवून दे, म्हणजे तिला मोजता येईल. बाकी सर्व ठीक. मोठ्या बहिणीचं एवढं ऐकशील असा भरवसा ठेवून थांबते.

तुझी
अक्का


नांदेड,
१५ मे

तीर्थरूप सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं न्हाई, पण त्यात काय असणार ते मला पाठ हाय. म्हणून वाट न बघता काल येऊन गेलो. तुझ्याकडं आलो न्हाई, रागावू नको. तू ताट वाढलं असतंस आणि माझा राग तिथंच निवला असता.

अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता मी बोलायचं मनात घोळवत आलो. थेट मोंढ्यात गेलो. अप्पा आडतीच्या ओट्यावर काट्यापाशी बसले होते, शेजारी ती बाटली. हमाल, आडत्ये, शेतकरी, सगळे होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, की तुम्ही माझ्या आईला तहानेनं मारायला निघाला होता. सोयरीक जोडायला आलेल्या बाईला असलं शिकवतात का? ते उठून उभे राहिले, बस म्हणाले, च्या सांगतो म्हणाले. मी बसलो न्हाई. आमच्या डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकवलं. शुगरवाल्याला पाणी जास्तच लागतं, आठ-दहा ग्लास, तुमच्या डॉक्टरला काही कळत न्हाई, मी फार्मसी शिकलोय, असंबी म्हणालो. अर्धी शिकलोय हे म्हणालो न्हाई.

अप्पांनी एकच विचारलं. दहा ग्लास? खरंच असं म्हणाल्या का त्या बाई? मी म्हणालो, आईच्या गळ्याची आण.

मग मी रुपया काढला आणि त्याच्या कडेनं बाटलीवरची रेघ खरवडून टाकली. गुलाबी भुगा काट्यावर पडला. हमालाच्या पोरानं माठातून तांब्या भरून आणला, तो मी अप्पांच्या हातात दिला. डोळे मिटून, मधे श्वास न घेता, सगळा प्याले. तोंड पुसलं आणि रिकाम्या तांब्याकडं बघत राहिले. शरम वाटली असणार. मला लई मोकळं वाटलं, अक्का. पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी पुरं केलं.

आरतीला भेटलो न्हाई. दोन दिवस रुसंल, मग तिलाबी कळेल की मी तिच्या बापाचंबी भलंच केलं. लग्न झालं की अप्पांना मीच नांदेडच्या बाईंकडं दाखवीन.

आता तू बोल लावशीलच. लाव. फक्त बोलणं सोडू नको.

तुझा
वैजू


लातूर,
२१ मे

वैजनाथ,

आज वर आशीर्वाद लिहिला न्हाई. दोनदा लिहून खोडला.

अप्पा दवाखान्यात हाईत. तू गेल्यापासून चार दिवस ते पीत होते. घरी पीत, मोंढ्यात पीत, रेघ न्हाई तर मोजणार कोण. आरती सकाळी नोकरीवर जाते, खरवडलेली बाजू भिंतीकडं करून ठेवलेली बाटली तिला भरलेली दिसायची, तिला वाटलं प्यालेच न्हाईत. पाय सुजले, ते त्यांनी धोतराखाली लपवले. शनिवारी पहाटे श्वास घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. रविवारी मी विचारायला जाणार होते ना, ती दवाखान्यातच गेले.

त्यांची किडनी शुगरनं केव्हाचीच निकामी होत आलीय. पाणी बाहेर पडत न्हाई, अंगात साठतं. त्यांच्या डॉक्टरनं त्यांची लघवी मोजून, वजन बघून ते माप ठरवलेलं. ते त्यांचं एकट्याचं माप होतं, जसं आठ-दहा ग्लास आपल्या आईचं. घरात दोघांना शुगर असली तरी एकाचं माप दुसऱ्याला लावू नये, आपापल्या डॉक्टरला विचारावं, असं तिथली नर्स सगळ्यांना ओरडून सांगत होती आणि मी खाली बघत होते.

मग त्यांनी आईला किडनीचं का सांगितलं न्हाई? मीच विचारलं. म्हणाले, लेक दाखवायला बसवलेली, त्या घडीला किडनीचं नाव कसं काढू? लोक म्हणतील घरात खोट हाय, उद्या पोरीला भोगावं लागंल. म्हणून शुगर म्हणालो. शुगर काय, घरोघरी हाय.

तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला न्हाई. उलट हसले. म्हणाले, दोन उन्हाळे झाले, सगळे मला बास म्हणतात. पी म्हणणारं ते पोरगं पहिलंच भेटलं. मला जे ऐकायचं होतं तेच ते बोललं.

आरती बाकावर बसली होती. रडली न्हाई. म्हणाली, अक्का, फोनवर मी त्याला हेच सांगत होते. अर्धं वाक्य झालं आणि फोन बंद. माझं अर्धंच वाक्य ऐकणाऱ्या माणसासोबत मी जन्म कसा काढू, ते तुम्हीच सांगा. 

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आईला मी काही बोलले न्हाई. ते तुझं तू बघ.

शिवकांता


लातूर बसस्थानक,
९ जून

तीर्थरूप सौ. अक्कास,
वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर पेन धरवलं न्हाई. आईला सगळं सांगितलं. ती उठली, तिच्या बाटलीवरची रेघ चिंधीनं पुसत बसली. नखपॉलिश पुसून निघत न्हाई, तरी पुसत राहिली. मग म्हणाली, जा, पाया पडून ये. मला घेऊन जाऊ नको, मला त्यांना तोंड दाखवता येणार न्हाई.

आज आलो. बसमधे पाण्याचा थेंब घेतला न्हाई, का ते माझं मलाच कळलं न्हाई. आरतीनं दार उघडलं, बाजूला झाली. अप्पा खाटेवर. तो तोलारीचा दांडगा माणूस, हात असे झालेत की मनगटावर दवाखान्याची पट्टी सैल फिरते. खिडकीत बाटली. रेघ पुन्हा ओढलीय, अक्का. पहिल्यापेक्षा खाली ओढलीय.

पाया पडलो. बोलायचं पाठ करून आलो होतो, ते राहिलंच. त्यांनीच विचारलं, आई पिते का आता? म्हटलं, पिते, माठाशेजारी ग्लास ठेवलाय. किती? म्हटलं, नऊ-दहा होतात. बरं झालं, म्हणाले, माझ्यामुळं त्या माउलीचे लई हाल झाले. अक्का, त्यांनी माझी माफी मागितली. मी मागायला गेलो होतो.

आरतीनं तांब्या आणि पेला आणून ठेवला. मी शिवलो न्हाई. त्यांच्यासमोर कसं पिणार? अप्पांनी ओळखलं. म्हणाले, नांदेडहून उन्हातनं आलास, ओठ फुटलेत. पी. सगळा तांब्या पी. मी बघतो. मला आता दुसऱ्यानं प्यालेलं बघायला लई गोड वाटतं.

मी प्यालो. ते माझ्या गळ्याकडं बघत होते आणि त्यांचा गळा रिकामाच हलत होता. तांब्या संपला तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकला, जणू त्यांचीच तहान भागली. मग भिंतीकडं वळले आणि त्यांचा डोळा लागला.

आरतीला मी काही विचारलं न्हाई. तिनंच सांगितलं, हळू आवाजात, त्यांची झोप मोडू नये म्हणून. म्हणाली, राग कधीच गेला, वैजू. भीती राहिली. तू दारात आलास तर माझी नजर आधी बाटलीकडं गेली. मग म्हणाली, आईंना सांग, उन्हाळा सरला म्हणून पाणी कमी करू नका, आणि दर तीन महिन्यांनी तपासा. पुढंबी काहीतरी म्हणाली. या वेळी मी वाक्य पुरं होईपर्यंत ऐकलं. ते मी तुला लिहिणार न्हाई. ते माझ्यापाशीच राहू दे.

तुझ्या घरी आज येत न्हाई. नांदेडची गाडी लागलीय. अक्का, जमलं तर पुढच्या पत्रात वर आशीर्वाद लिही, अर्धा लिहिलास तरी चालंल.

तुझा
वैजनाथ

ता. क. निघताना अप्पा झोपलेलेच होते. आरती त्यांच्या पायाची सूज दाबून बघत होती, तिनं मान वर केली न्हाई. त्यांच्या भिंतीवरबी एक कॅलेंडर हाय. मी चपला हातात घेतल्या, बाहेर आलो, कडी बोटानं धरून ठेवली आणि दार आवाज न करता लावून घेतलं.